खुंटीवरचा फेटा

घराला जिना नाही हे डोळ्यांनी दिसत असताना मी त्या घराची वरची खोली भाड्यानं घेतली, यावरून माझ्या तेव्हाच्या अकलेची कल्पना यावी. पण कोरेगावात नव्यानंच मास्तर म्हणून लागलेल्या माणसाला तेवढ्या भाड्यात हवेशीर खोली दुसरीकडं कुठं मिळणार? त्यात आम्ही माण तालुक्यातले. चार सरळ भिंती, दोन खिडक्या आणि वर शाबूत कौलं दिसली, की आम्हाला राजवाडाच. "वर जायचं कसं?" असं मी विचारलं, तेव्हा मालकीणबाईंनी भिंतीला टेकवलेल्या बांबूच्या शिडीकडं बोट केलं आणि म्हणाल्या, "मास्तर, तरणं हायसा न्हवं? चढा की."

गल्लीतले लहानथोर सगळे त्यांना आक्का म्हणायचे. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलता एक मुलगा फौजेत. ठेंगणी, काटक बाई, आणि आवाज असा की स्टेशनावरच्या हमालानं वळून बघावं. त्यांच्या घराच्या पुढच्या सोप्यात पाऊल टाकलं, की पहिल्यांदा नजरेत भरायचा तो खुंटीवरचा गुलाबी फेटा. घरात पुरुष माणूस नाही आणि फेटा कुणाचा, म्हणून नवा माणूस विचारायचाच, "मालकांचा व्हय, आक्का?"

"छ्या! मालकांनी कवा गुलाबी बांधला? ह्यो गवंड्याचा हाय. जिना बांधला की त्येच्या डोक्याला बांधायचा."

मग विचारणाऱ्याला सगळी कथा ऐकावी लागायची. चहा मिळायचा, पण कथा संपल्यावर.

आमच्या भागात घर पुरं झालं, की वास्तुशांतीच्या जेवणाला गवंड्याला आणि सुताराला पाटावर बसवून आहेर करतात. ऐपतीप्रमाणं कुणी टोपी-टॉवेल देतो, कुणी फेटा. लोक हा आहेर अगदी शेवटच्या दिवशी, घाईघाईनं बाजारातून आणतात. आक्कांनी वरची खोली बांधायला काढली, तेव्हा फेटा पहिल्याच दिवशी आणला आणि सोप्यात टांगला. त्यांचं म्हणणं असं, "गवंड्याला उचल दिली की त्येचं पाय मोकळं हुत्यात. फेटा टांगला की बांधलं जात्यात." रोज कामावर येताना त्यानं आपला मान डोळ्यांनी बघायचा, आणि काम टाकून पळाला तर येणाऱ्या-जाणाऱ्यानं तो बघायचा. पुढं गल्लीत कुणीही काम काढलं, मोरी असो, माळा असो, आक्का त्याच्या दारात हजर. "फेटा आनलासा का? न्हाई? मग कसलं काम काढलंय! आदी फेटा आना." आणि खरं सांगतो, त्या गल्लीतलं एकही काम नंतर अर्धवट राहिलं नाही. सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं, आणि गवंडी लोकांना ती एक आयतीच सबब होती. पण आमच्या गल्लीत फेट्यापुढं सबब चालायची नाही.

अर्धं राहिलं ते फक्त आक्कांचं. त्यांचा मेस्त्री गावातलाच, हाताचा चांगला. त्यानं खोली अशी बांधली की भिंतीवरून तळहात फिरवला तर कुठं अडखळायचा नाही. खोली झाल्यावर "उद्या जिना धरतो, आक्का" म्हणून तो संध्याकाळी थापी धुऊन गेला, तो गेलाच. सांगलीकडं कुठल्याशा साखर कारखान्याच्या चाळींचं मोठं काम त्याला लागलं होतं. ते संपवून तो परत कोरेगावात आला, स्वतःची माणसं ठेवून ठेकेदार झाला, सायकलीची मोटरसायकल झाली. पण आमच्या गल्लीतून काही तो जायचा नाही. बाजाराला जायचं तर ओढ्याकडून लांबचा वळसा घालायचा. गडी एवढा आडदांड, पण एका फेट्याला भ्यायचा.

आक्कांचं दुसरं हत्यार म्हणजे तांब्या. कुणाच्याही घरी गेल्या, तरी पिशवीत तांब्याचा एक जुना तांब्या असायचाच. नवं बांधकाम दिसलं, की तो भरून घ्यायचा, जमिनीवर ओतायचा आणि कमरेवर हात ठेवून पाणी कुठं जातं ते बघत उभं राहायचं. पाहुण्याच्या घरी चहा येण्याआधी जमिनीवर पाणी ओतणारी बाई मी जन्मात दुसरी पाहिली नाही.

एकदा मला त्या सांगलीला घेऊन गेल्या. का, तर एस.टी.च्या पाट्या वाचायला. तिथं त्यांची भाची दिलेली होती. जावई हळदीच्या पेढीवर कारकून, कपडे परीटघडीचे, बोलणं त्याहून. त्यांनी तिथल्याच एका ठेकेदाराकडून नवं न्हाणीघर बांधून घेतलं होतं आणि आमच्या गल्लीतल्या एकाला तोच ठेकेदार बोलवायचा होता. म्हणून ही तपासणी. जावईबापू बाहेरच्या खोलीत मला सांगत होते, "मास्तर, एक नंबर काम. मोठमोठ्या बंगल्यांची कामं करतो तो. माणूस काय गोड! कधी वर आवाज नाही." आक्का उठल्या, हंड्यातून तांब्या भरून घेतला आणि न्हाणीघरात मधोमध ओतला. पाणी जरा घुटमळलं. मग मोरीच्या भोकाकडं पाठ फिरवून निवांतपणे उंबऱ्याखालून स्वयंपाकघरात निघालं. भाचीनं उंबऱ्याशी घडी घालून ठेवलेलं फडकं उचललं आणि पुसायला बसली. फडकं आधीपासून तिथं होतं, म्हणजे बिचारीचं हे रोजचंच असणार. जावईबापू छताकडं बघत म्हणाले, "आज जरा पाण्याचा जोर जास्त होता."

परतीच्या गाडीत आक्कांनी मला शहाणं केलं. "मास्तर, एक ध्यानात ठेवा. फसलेला बाप्या कवाबी फसलो म्हनत न्हाई. त्येची पत जाती. गवंडी कसा हाय, ह्ये बाप्याला इचारायचंच न्हाई. घरच्या बाईला इचारायचं. फडकं तिला मारायचं असतंय." माझ्या बी.एड.च्या अभ्यासक्रमात इतकं उपयोगी वाक्य एकही नव्हतं.

आणखी एक. चुना-सिमेंटचं ओलं काम कुठंही दिसलं, की त्या "जेवलासा का?" असं न विचारता "पानी मारलं का?" असं विचारायच्या. भिंतीला नवं काम झालं की दिवसाकाठी पाणी मारावं लागतं, नाहीतर ती भाजून तडकते. एका वरातीत, नवरदेव घोड्यावर असताना, त्याच्या बापाला त्यांनी हेच विचारलेलं मी ऐकलं आहे. कारण लग्नासाठी त्यानं नवी पडवी काढली होती. तो म्हातारा इतका चपापला, की वरात तशीच सोडून घरी माणूस पाठवता झाला.

असा सगळा आनंद चालला होता. शिडीचीही सवय झाली. पहिल्या पहिल्यांदा एका हातात बादली धरून चढताना मी देवाचं नाव घ्यायचो, नंतर शाळेतल्या कविता म्हणत चढायला लागलो. आक्कांचा मुलगा सुट्टीवर आला, की तोही शिडीनं वर यायचा, खिडकीत बसून विडी ओढायचा आणि म्हणायचा, "मास्तर, मी आईला म्हनलं, फक्त ऑर्डर दे. दुसरा गवंडी आनतो, आठवड्यात जिना उभा करतो. ऐकतच न्हाई." दसऱ्याच्या आधी घरातल्या सगळ्या वाकळा, घोंगड्या, चादरी धुऊन निघायच्या आणि अंगणभर दोऱ्या बांधून वाळत पडायच्या. त्यांत एक लांबच लांब गुलाबी कापडही असायचं. शिडीवरून उतरताना ते तोंडावर यायचं, आणि मी वैतागून बाजूला सारायचो.

मग माझं लग्न झालं. आमची मंडळी वडूजकडची, ओढ्याकाठच्या झाडांवर चढत लहानाची मोठी झालेली. ती शिडीला कसली भिते! पदर खोचून भराभरा वर जायची. आक्का खाली उभ्या राहून कौतुकानं बघायच्या. पण दिवस गेले, ती बाळंतपणाला माहेरी गेली, मुलगी झाली, आणि पोरगी मान धरायला लागल्यावर दोघींना घेऊन यायची वेळ आली, तेव्हा सासरे आधी एकटेच खोली बघायला आले. पंचक्रोशीत वजन असलेला माणूस, डोक्याला पटका, बोलणं मोजकं. त्यांनी शिडीला हात लावून ती हलवून पाहिली. मग मला म्हणाले, "जावईबापू, पोरगी एकटी हुती तवर काय बोललो न्हाई. आता तिच्या कडंवर लेकरू हाय. जिना झाला की सांगा. आनून घालतो." आणि चहाही न घेता गेले.

मुलीला मी तोवर एकदाच पाहिलेलं, तेही ती झोपलेली असताना. मला तर काही सुचेना. शाळेतून यायचं, शिडी चढायची आणि रिकाम्या खोलीत बसून राहायचं. शेवटी एका संध्याकाळी आक्कांपुढं उभा राहिलो. म्हटलं, "आक्का, गावात गवंडी ढिगानं पडलेत. कुणालाही बोलवा. वाटलं तर मी स्वतः बघतो सगळं."

"न्हाई."

"अहो पण का न्हाई?"

"फेटा ज्येचा, जिना त्येचा."

मी भडकलोच. म्हटलं, "हा काय हट्ट आहे, आक्का? त्या माणसाला लाज असती तर तो केव्हाच आला नसता का? तुमच्या त्या फेट्यापायी माझं लेकरू परक्यासारखं वाढतंय तिकडं!"

आक्का जात्याजवळ बसल्या होत्या. जात्याभोवतीचं पीठ गोळा करत म्हणाल्या, "मास्तर, लाज न्हाई म्हनून त्यो यायचा ऱ्हायलाय, आसं वाटतंय तुमाला? लाज हाय म्हनूनच त्यो येत न्हाई. तुमच्या खोलीच्या भितीवर हात फिरवून बगा एकदा. चोराचा हात हाय का त्यो? दुसऱ्यानं जिना बांधला तर माजं घर पुरं हुईल. त्यो मातुर जल्मभर अर्धाच ऱ्हाईल."

हे सगळं खरं असेल, पण त्यावर माझी पोरगी रांगणार होती थोडीच! दुसऱ्या दिवशी मी स्टेशनरोडला एक खोली बघून आलो. कोंदट होती, पण जमिनीवर होती. आक्कांना सांगितलं, येत्या आठवड्यात सोडतो. त्या नुसतं "बरं" म्हणाल्या. मला अपेक्षा होती की चार शब्द बोलतील. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं, इतकं ते "बरं" मला लागलं.

त्यानंतर दोन दिवसांनी शाळेतून आलो, तर गल्लीच्या तोंडाला बायका घोळका करून उभ्या. माझी ट्रंक, पुस्तकं, स्टोव्ह, पाळण्यासाठी आणलेली दोरीसुद्धा, सगळं खाली आक्कांच्या माजघरात नीट लावून ठेवलेलं. आणि आक्का? आक्का वरच्या खिडकीत! गुडघे धरल्याशिवाय उंबरा न ओलांडणारी बाई, शेजारच्या दोन पोरांना हाताशी धरून आपलं अंथरूण-पांघरूण घेऊन त्या शिडीनं वर गेलेली.

"आक्का! अहो हे काय केलंत?"

"आजपास्नं तुमी खाली, मी वर. जावा, लेकराला घिऊन या."

"अहो पडाल की!"

"मला वाईच हवा पायजे हुती," असं म्हणून त्यांनी खिडकीतून दोरीला बांधलेली बुट्टी खाली सोडली. "जरा पान-सुपारी घाला त्यात."

मी तेव्हाही हात जोडले आणि आता सांगतानाही जोडतो. गल्लीतल्या बायका तर डोळ्याला पदर लावून हसत होत्या. हसत होत्या की रडत होत्या, कोण जाणे.

दुसरा दिवस बाजाराचा. गावात बातमी जायला तेवढं पुरे. म्हातारी आक्का शिडीनं माळ्यावर राहायला गेली, जिना नाही म्हणून. भाजीच्या पाटीपाशी तेच, पिठाच्या गिरणीत तेच. दुपारी मेस्त्रीची म्हातारी आई काठी टेकत आमच्या गल्लीत आली. शिडीखाली उभी राहिली, वर बघितलं. आक्कांनीही खाली बघितलं. दोघींनी एकमेकींना "बरं हाय का?" एवढंच विचारलं. म्हातारी तशीच मागं फिरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटरसायकलचा आवाज गल्लीत शिरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मेस्त्री उतरला, चपला काढल्या आणि शिडीपाशी जाऊन मान वर करून म्हणाला, "आवं आक्का, खाली या."

"कशावरनं येऊ?"

"शिडी हाय की वो."

"शिडी मास्तरांची हाय. मी जिना सांगितला हुता."

"पडशीला, आक्का. ह्या वयात..."

"पडले तर लोक इचारतील, कशानं पडली. मग सांगनारा फेटा हाय सोप्यात."

तो आडदांड गडी जमिनीकडं बघत पुटपुटला, "आक्का, मी खरंच दुसऱ्या दिवशी येनार हुतो. त्या दिवशी जमलं न्हाई. मग त्येच्या दुसऱ्या दिवशी... मग तोंड दाखवायचं धाडसच झालं न्हाई बगा."

"आलास न्हवं? मग ह्योच दुसरा दिवस. लाग कामाला."

त्याच दुपारी घडीव काळ्या दगडाची गाडी अंगणात उतरली. हाताखाली माणसं असूनही एकेक दगड मेस्त्रीनं स्वतः बसवला. आणि आक्का वरून खिडकीत बसून मुकादमकी करत होत्या. जिना पुरा होईपर्यंत खाली पाऊल टाकणार नाही, ही त्यांची शपथ. आता खरं काय ते सांगतो. रोज सकाळी गवंडी यायच्या आत त्या शिडीनं खाली यायच्या, परसाकडं, अंघोळ, तुळशीला पाणी, सगळं उरकायच्या आणि पुन्हा वर जाऊन खिडकीत बसायच्या. शिडी मी धरायचो. गल्लीतल्या एकानंही हे फोडलं नाही. एका सकाळी त्या निम्म्या शिडीवर असताना मला गल्लीच्या तोंडाशी मेस्त्री दिसला. लवकर आला होता. त्यानं आम्हाला पाहिलं, तसाच वळला आणि भिंतीकडं तोंड करून विडी पेटवत उभा राहिला. आक्का खिडकीत जाऊन बसल्यावर मग खाकरत खाकरत आला आणि म्हणाला, "आक्का, रात्री झोप लागली का वर?"

"पानी मारलंस का कालच्या पायऱ्यांना?" आक्का म्हणाल्या.

जिना झाला. मी वडूजला निरोप धाडला आणि सासरे माझ्या मंडळींना आणि मुलीला घेऊन आले. सगळी गल्ली अंगणात गोळा झाली. आक्का सगळ्यात वरच्या पायरीशी उभ्या राहिल्या, हातात तांब्या. मेस्त्रीच्या कपाळावर घाम आलेला मला दिसला. आक्कांनी पाणी ओतलं. ते एका पायरीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर असं उतरत खाली आलं. कुठं थांबलं नाही, कुठं साचलं नाही, भिंतीकडं तर फिरकलंसुद्धा नाही. मग त्या पाण्यामागोमाग आक्का उतरल्या. खाली आल्यावर माझ्या मंडळींच्या कडेवरून मुलीला घेतलं आणि त्याच पायऱ्या चढून पुन्हा वर गेल्या, तिला खोली दाखवून आणली. मुलगी हसत होती. मी मात्र नाक पुसत होतो.

मग मेस्त्रीला पाटावर बसवलं. आक्कांनी खुंटीवरचा फेटा काढला आणि सासऱ्यांच्या हातात दिला. "पाव्हनं, जिन्यासाठी तुमी अडलासा, म्हनून बांधायचा मान तुमचा." सासऱ्यांनी घडी झटकली. मला वाटलं, इतक्या वर्षांची धूळ उडणार, जाळी निघणार. काही नाही. कापड खळीनं कडक, आणि अंगणात साबणाचा वास सुटला.

मेस्त्रीनं कापडाला हात लावून बघितलं. "आक्का, ह्यो नवा आनलासा? त्यो जुनाच बांधायचा हुता की."

"नवा कशाला आनू? त्योच हाय ह्यो. दर दसऱ्याला धुतलाय." मुलगी आक्कांच्या कडेवर फेट्याचा शेमला ओढत होती; तिच्या मुठीतून तो सोडवत त्या म्हणाल्या, "तू कवा येशील, त्येचा काय नेम हुता व्हय रं? आन् आलास म्हंजे मळका फेटा बांधू तुज्या डोक्याला?"